हातभर छप्पर
काल कुंडीतली माती कालवताना ओल्या चिकणमातीचा वास आला आणि दादरच्या हॉलमधलं ते प्रदर्शन आठवलं. माझी कॉलेजातली मैत्रीण कोकणात मातीच्या घरांची वस्ती उभारणार होती आणि तिच्या मॉडेलभोवती हीऽ गर्दी जमली होती. मीही आर्किटेक्टच, पण लालबागच्या टॉवरांचं पार्किंग आखणारी. तिचं कौतुक ऐकून माझा नुसता जळफळाट होत होता. तेवढ्यात मला दिसलं, पावसाच्या बाजूला छप्पर फारच आखूड होतं. दोन पावसाळ्यांत ती भिंत ढासळली असती. तिने विचारलं, "कसं वाटतंय गं? खरं सांग." मी म्हणाले, "मस्तच." कोकणात मातीच्या घरातच वाढलेले माझे बाबा सोबत आले होते. ते वाकून बघत म्हणाले, "बाय, छप्पर हातभर फुडे घे, नायतर ही भिंत भिजतली." तिने तिथेच पेन्सिलने खूण केली आणि त्यांच्या पाया पडली. काळाचौकीला घरी परतताना बाबांनी विचारलं, "तुका दिसला नाय?" मी "नाही" म्हटलं. आता ती वस्ती उभी आहे. बाबा तिथे दोनदा राहून आले; मी अजून गेलेले नाही.