कंप्युटरनं सांगितलेली दाद
माझं लेकरू आठ महिन्याचं. देवणीचा डॉक्टर म्हणला निमोनिया हाय, लातूरला न्या, आत्ताच न्या. जीपमधी मी अन् माझी सासू, लेकराचं पोट भात्यावानी वरखाली व्हायलेलं, त्याच्याबरुबर मला बी दम लागायलेला.

लातूरच्या मोठ्या दवाखान्यात सकाळीच औषध बदललं. डॉक्टरीणबाई कंप्युटरकडं बघून म्हणल्या, "अंदाज चांगला आहे. दुपारपर्यंत बाळ औषधाला दाद देईल. नाही दिली, तर घशात नळी घालावी लागेल."

मी सातवी शिकलेली. मला एकच दाद ठाऊक, बाजारात मलमवाला वरडतो ती, दाद, खाज, खुजली! म्हणलं, आता लेकराच्या अंगावर दाद उठणार, अन् न्हाई उठली तर नळी! मंग देवाला मागावं तरी काय? मी दादच मागितली. घडीघडी झबलं वर करून पाठ बघायची, मांड्या बघायची.

नर्स आली. "काय हुडकायलाव ताई?"

"दाद. एक बी चट्टा उठला न्हाई वो. आता नळी घालतेत का?" मला रडूच फुटलं.

आधी तिला कळंनाच. कळल्यावर मास्क धरून हसली. "अवो, दाद देणं म्हंजे गुण येणं! ह्या कंप्युटरला आधीच्या लई आजारी लेकरांचं समदं दाखवलंय. कुणाचा दम कसा व्हता, कुणाला कोणतं औषध लागू पडलं. त्यावरून त्यो सांगतो. चुकतो बी. म्हणून तर मी सारखी येऊन बघायले."

सासू म्हणली, "म्हंजे आमच्या सुईणीवानीच की. ती बी लई लेकरं बघितलेली, तोंड बघून सांगायची. पर तिला च्या लागायचा. ह्याला काय लागतंय?"

"लाईट," नर्स म्हणली.

दुपारी पोटाचा भाता हळू झाला. बरगड्याखालचा खड्डा भरला. लेकरानं डोळे उघडले अन् सासूच्या गळ्यातली पोत अशी धरली की सुटंना. डॉक्टरीणबाईनं छाती ऐकली, माझ्याकडं बघून हसल्या. नर्सनं सांगितलंच असणार. "दिली बरं का दाद!"

मी तरी झबलं वर करून पाठ बघितलीच. साफ!

घरी आल्यावर शेजारीण बघायला आली. सासू लई तोऱ्यात म्हणली, "नातवानं दाद दिली!"

शेजारीण मागं सरकली. "अगं बाई, तुला बी दिली का? कडुलिंबाचा पाला लाव."