भिकनचा उजवा हात

एका सकाळी सुरतेतल्या नवागामहून भिकनच्या मुलीचा फोन आला. ती सुरतमध्येच जन्मली, मराठी तिला अडखळत येतं. "मास्तरकाका, पप्पा गुजर गए," एवढंच म्हणाली. लकव्याचा दुसरा झटका. त्याला आता दीड महिना झाला. लोक म्हणतात, मास्तर, तुमच्या जोडीदारावर चार ओळी लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. लिहितो, पण गोड लिहिणार नाही. मला माझीच किळस आली आहे.

आम्ही दोघं खानदेशातल्या एकाच गावचे, इथं पांडेसऱ्याला एकाच कापडाच्या कारखान्यात. तो लूम चालवायचा, मी मास्तर, म्हणजे बिघडलेली लूम दुरुस्त करणारा. त्याला सुरतेत मीच आणला. वयानंही मी मोठा, म्हणून माझा शब्द तो मोडत नसे, आणि मला ते फार आवडायचं. तुटलेल्या धाग्याला गाठ मारावी तर भिकननंच. उजव्या हाताची दोन बोटं नुसती हलली असं वाटायचं, अन् कापडात गाठ शोधून सापडायची नाही. तोच हात एक दिवस लकव्याच्या पहिल्या झटक्यानं लुळा पडला.

दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी भिकनला खुर्चीत बसवलं आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखं लोहचुंबकाचं यंत्र डोक्याला टेकवलं. सुई नाही, चिरफाड नाही. टक् टक् आवाज व्हायचा आणि त्याचं मेलेलं बोट जरासं उडायचं. बाई म्हणाल्या, "यानं मेंदूकडून हाताकडे जाणारा रस्ता जागा करायचा, काका. पण लगेच व्यायाम हवाच. आणि सगळ्यांनाच गुण येतो असं नाही." मी म्हणालो, "बाई, जन्मभर मशीनं उघडली मी. ज्यात काही फिरत नाही ते मशीन कसलं?" त्या हसल्या. "मग काय काका, यांचं डोकं उघडून दाखवू?" भिकनपण वाकड्या तोंडानं हसला. मला ते लागलं.

यंत्राच्या सहाव्या दिवशी मी त्याला गावी न्यायचं ठरवलं. त्याची जीभ जड झाली होती, घरची अहिराणी तेवढी तोंडात उरलेली. "दादा... करू दे. मना हात शे." माझा हात आहे, म्हणत होता. मी म्हणालो, "हात तुझा, पण आजवर अक्कल कोणाची चालली?" त्याची बायको इंदूबाई खाली मान घालून पिशवी भरायला लागली.

गावात एक जण लकव्यावर कबुतराच्या रक्तानं मालिश करायचा. तीन आठवडे रोज एक कबूतर कापलं. कोमट रक्त हाताला चोळायचं, वर फडकं बांधायचं. उकाड्यात ते सडायचं, माश्या घोंगावायच्या, भिकन तोंड फिरवून ओकायचा. मी वर म्हणायचो, "सहन कर, नाटकं करू नको." ते बोलणं आठवलं की आता मला ओकारी येते... वास तर अजून नाकात आहे.

परत आलो तेव्हा त्याची मूठ आवळून बसली होती. बाईंनी मला बोल लावला नाही. एकेक बोट उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "पुन्हा सुरू करू. आता वेळ जास्त लागेल." तेवढा वेळ त्याला मिळाला नाही. शेवटपर्यंत बायकोच्या हातानं जेवला. यंत्रानं हात आलाच असता, असं मी म्हणत नाही. बाईही कधी म्हणाल्या नव्हत्या. पण त्याला करून पाहायचं होतं, आणि मी करू दिलं नाही.

सुतक फिटायच्या दिवशी, गंधमुक्तीला, माणसं जमली. दोघं-तिघं उठून बोलले, मास्तरांनी सख्ख्या भावासारखं केलं. मी मान खाली घालून ते सगळं ऐकून घेतलं, एकालाही गप्प बस म्हणालो नाही. ही माझी लायकी. माणसं पांगल्यावर इंदूबाईला म्हणालो, "माझं चुकलं." तिनं गादी उचलून खालून एक मऊ चेंडू काढला, बाईंनी व्यायामाला दिलेला.

"गावाला पण नेला होता," ती म्हणाली. "दुपारी तुम्ही पडले की हे डाव्या हातानं तो उजव्या मुठीत कोंबायचे, बोटं दाबत बसायचे. तुमचं खोकणं ऐकू आलं की लपवायचे."

"का?"

"तुम्ही रागवाल म्हणून, दादा."

चेंडूवर कबुतराच्या रक्ताचे काळे पडलेले डाग होते. तिनं तो माझ्यापुढे धरला. माझा हात पुढे झाला नाही.