बल्गेरियावाल्या काकूंचा माग

अख्ख्या वऱ्हाडात आमच्या बल्गेरियावाल्या काकूंइतकं अस्सल वऱ्हाडी बोलणारी बाई दुसरी नाही, हे मी कोणत्याही सभेत छातीठोकपणे सांगायला तयार आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी माईक घ्यावा. आमच्या वयाची पोरं पुण्याला दोन वर्षं राहून आली की ‘मले’चं ‘मला’ करतात आणि वर आईलाच दटावतात. आणि जिच्या जन्मगावी डोंगरात कंबरभर बर्फ पडतो ती ही बाई अमरावतीच्या बाजारात उभी राहून टमाटेवाल्याला विचारायची, "काहून बे, भेदरं सडून राहिले अन् आवाज एवढा कायचा?" टमाट्यांना भेदरं म्हणणारं आमच्या गल्लीत त्यांच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. काका, आता नाहीत ते, शेतकी कॉलेजात शिकवायचे. तरुणपणी पुढच्या शिक्षणासाठी तिकडे गेले आणि येताना डिग्रीबरोबर काकूंनाही घेऊन आले. काकूंना मराठी शिकवलं ते सासूनं, आणि सासू मोर्शीची; तिथे प्रमाण भाषेची सोय नव्हती. एकदा पुण्याच्या एक प्राध्यापिका त्यांना म्हणाल्या, "बाईमाणसानं ‘मी येते’ म्हणायचं, ‘मी येतो’ नाही." काकूंनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "तुमी येते म्हणून या, मी येतो म्हणून येतो. पोचतो दोघीबी."

बोलणं वऱ्हाडचं, पण हात मात्र त्यांनी बल्गेरियाचेच ठेवले होते. हातात कायम सूतकताईची चाती, म्हणजे टकळी. धनगरांची मेंढरं गावाबाहेर उतरली की काकू लोकर घ्यायला हजर, आणि मग ती लोकर कातत कातत त्या बाजारात, बँकेत, दवाखान्यात सगळीकडे चालत जायच्या. त्यांच्या गावी बायका अशाच डोंगर चढता-उतरता सूत काढतात म्हणे. आमच्या नाक्यावरच्या ऑटोवाल्यानं एकदा हटकलं, "काकू, भवरा खेळून राहिल्या का?" काकू थांबल्यासुद्धा नाहीत. "तुह्या तोंडाले टाका घालाचा हाये ना बाप्पा, दोरा काढून राहिलो."

त्या सुताला रंग द्यायचा तर बाटलीतला चालत नसे. लग्नाच्या मांडवात सगळ्या बायका पुढे नवरीपाशी, आणि काकू मागे आचाऱ्यापाशी, कांद्याची फोलपटं पोत्यात भरत. एकदा वरमाईनं पाहिलं आणि तिला वाटलं, हिला पंगतीत कोणी विचारलं नाही म्हणून ही रुसून मागे बसली. मोठा मानापमान झाला. शेवटी काकूंना हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं, साडी दिली, आणि काकू जिलबी खात शेजारणीला म्हणाल्या, "साडी कायले? फोलपटाचं पोतं कोणी उचललं ते पाय ना." फोलपटांचा पिवळा, डाळिंबाच्या सालीचा मेंदीसारखा, पळसाच्या फुलांचा केशरी. घराच्या मागच्या अंगणात हंडे उकळायचे आणि वाळत घातलेल्या आमच्या ओढण्यांना तीन दिवस कांद्याचा वास यायचा. तक्रार केली की त्या म्हणत, "नवरा मिळन तं नाक दाबून घेईन तो."

मार्च लागला की लाल-पांढऱ्या लोकरीचा पीळ प्रत्येकाच्या मनगटावर. तिकडची रीत अशी की हिवाळा सरल्यावर परत आलेला करकोचा दिसला की हा दोरा सोडायचा आणि फळझाडाला बांधायचा. आता तिकडे करकोचे मार्चमध्ये येतात, आणि आपल्याकडे हिवाळ्याला आलेले करकोचे तेव्हा निघायच्या गडबडीत असतात. अर्धी गल्ली दिवाळीपर्यंत दोरे बांधून हिंडली असती. काकूंनीच निवाडा केला: कडुनिंब मोहोरला की सोडा. सगळे दोरे गोळा करून त्या मोर्शीच्या मळ्यातल्या एका संत्र्याच्या झाडाला बांधून येत. शेजारच्या शेतकऱ्याला आधी ती करणी वाटली, त्यानं लिंबू ओवाळून टाकलं. त्याच आठवड्यात त्याची अडलेली म्हैस सुखरूप व्याली. मग त्यानं स्वतः एक दोरा बांधला. पुढच्या वर्षी काकू गेल्या तर झाडाखाली शेंदूर फासलेला दगड, नारळाच्या करवंट्या, आणि दोनचार अनोळखी बायका दोरे घेऊन उभ्या. त्यातली एक काकूंनाच सांगते, "बांधा वो बाई तुमीबी, लय जागृत झाड हाये." काकूंनी बांधला. परतीच्या एस्टीत मी विचारलं, "काय मागितलं?" म्हणाल्या, "एक बाई. मागावर बसाले."

यात विनोद नव्हता. त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीला टेकून उभा माग होता, सागवानी, सुताराच्या डोक्यावर बसून करून घेतलेला. त्यांच्या गावचे गालिचे अशा मागावर होतात, आणि एका मागावर दोघी शेजारी शेजारी बसतात. एक डावी बाजू विणते, दुसरी उजवी. तोंडानं गावाच्या उखाळ्यापाखाळ्या, हातानं नक्षी. दोन पाट मांडलेले असायचे. डाव्या पाटावर काकू. उजवा पाट त्या वहिवाटीनं रिकामा ठेवत. पाहुण्याला त्यावर पर्स ठेवू देत नसत. आईनं त्यांना स्वतःच्या उजव्या हाताला बसवून शिकवलं होतं, आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. एकच ध्यास होता, की मरायच्या आधी एक गालिचा दोघींनी मिळून पुरा करायचा, म्हणजे तो हात दुसऱ्या कोणाकडे जाईल. "हे काय पुस्तकातून येते का? शेजारी बसल्यावर येते," असं त्या म्हणायच्या.

मी तेव्हा आमच्या संघटनेत पत्रकं लिहायचे. ‘वारसा वाचवा!’ या पत्रकात उद्गारचिन्हंच जास्त होती. आपल्या अकोल्याकडच्या सतरंज्यांचे माग बंद पडत चाललेत आणि लोक प्लास्टिकच्या चटयांवर बसून संस्कृतीवर भाषणं ठोकतात, याचा मला संताप होता. तो अजूनही आहे. आम्ही काकूंकडे शिबिर घेतलं. खोलीत मावणार नाहीत एवढ्या बाया आल्या. पहिल्या दिवशी प्रमाणपत्र केव्हा मिळणार हे विचारून झालं, दुसऱ्या दिवशी मागापुढे फोटो काढून झाले, तिसऱ्या दिवशी काकू दोन पाटांमधल्या एकावर बसून होत्या आणि मी दारात.

मग अकोल्याचं प्रदर्शन. लोककलांचं, मंडप घालून, पाहुणे बोलावून. काकूंचा माग टेम्पोत उभा करून नेला, वर्षभर पुरेल एवढ्या उभ्या धाग्यांचा ताणा लावलेला, खाली वीतभर नक्षी झालेली. काकू टेम्पोत त्याला धरून बसल्या होत्या, जशी बाळंतीण घरी न्यावी. मंडपाला पुढे दारच नव्हतं, तिन्ही बाजूंनी मोकळा. फीत बांधायची कुठे? मंडपवाल्यानं शक्कल लढवली: मधोमध मागच उभा आहे, त्याच्याच दोन खांबांना बांधली लाल फीत. पाहुणे आले, तबकातली कात्री उचलली, कॅमेऱ्याकडे पाहत हसले, आणि बोथट कात्रीनं जोर लावून कापलं. फीत कापली, आणि फितीमागचे मूठभर ताण्याचे धागेही. टाळ्या पडल्या. कापलेले धागे सापासारखे वळून खाली लोंबले, तरी टाळ्या चालूच. मी ओरडले. पाहुण्यांना कळेना काय झालं. ते माईककडे गेले आणि "जुनं ते सोनं" इथून सुरू झाले. मी स्टेजकडे निघाले होते, माईकच ओढून घेणार होते, तर काकूंनी माझी ओढणी धरली. "ते बोलून राहिले तं बोलू दे. दोरा आण."

त्या खाली बसल्या आणि एकेक तुटलेला धागा गाठ मारून जोडायला लागल्या. चष्मा घसरत होता, गाठी निसटत होत्या. फोटोवाला म्हणाला, "आजी, जरा इकडे पाहा ना, हसा." तेवढ्यात शेजारच्या बचत गटाच्या स्टॉलवरची एक बाई उठून आली. भातकुलीच्या भाजीवाल्यांची सून, वंदना. पहाटेपासून मेथीच्या जुड्या बांधणारी बोटं तिची. दोन्ही टोकं चिमटीत घेतली आणि गाठ झालीसुद्धा. काही न विचारता ती काकूंच्या उजव्या हाताला बसली होती. भाषण संपेपर्यंत दोघींनी अर्धे धागे जोडले. काकूंनी तिच्याकडे वळून पाहिलं आणि त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "नवरा येऊ देते का तुहा अमरावतीले?"

नवरा येऊ देत होता, सासू नाही. "गोऱ्या बाईच्या घरी बसून दोरे वढते, अन् घरी वांगे कोण तोडन?" पण वंदना भाजी बाजारात उतरवली की दुपारची यायची. ती यायच्या वेळेला काकू तिच्या उजव्या पाटावरची धूळ झटकून ठेवायच्या. मग खोलीतून काय हसू ऐकू यायचं! काकूंच्या बाजूचा पक्षी सडपातळ, मान उंच केलेला. वंदनाच्या बाजूचा जाडजूड. "हा चिमणा हाये का कावळा वो?" "भातकुलीचा हाये काकू. खाऊनपिऊन असते." गाठी मारलेल्या ठिकाणी विणीत बारीक उंचवटे आले. मी म्हटलं, दिसतात हो. काकू म्हणाल्या, "दिसू दे. अकोल्याले गेल्तो, माहीत पडलं पायजे."

गालिचा अर्ध्यावर आला आणि तिकडून फोन आला. काकूंची मोठी बहीण पडली, मांडीचं हाड मोडलं, घरात दुसरं कोणी नाही. काकूंच्याही डोळ्यांवर तोवर पडदा आला होता. सुईत दोरा वंदनाच ओवून द्यायची. निघताना त्यांनी बॅगेत चटणी, ज्वारीचं पीठ, मिरच्या भरल्या. वंदनाच्या हाती घराची किल्ली दिली आणि म्हणाल्या, "तू तुही बाजू विणत राहा. मी येतो." त्यांना सोडायला जातानाही मला काहीतरी तडकून बोलायचं होतं, विमानावर, हाडावर, बर्फावर, कोणावर तरी. पत्रक कोणाविरुद्ध काढणार?

हे होऊन आता बरेच महिने झाले. बहीण अंथरुणातून उठली नाही आणि काकू तिथून हलल्या नाहीत. त्या गालिच्याचं एक वैशिष्ट्य मला तेव्हाच कळलं: दोन्ही बाजू एकमेकींवाचून वर चढू शकतात. वंदनाची उजवी बाजू चढत चढत वरच्या पट्टीपर्यंत गेली, पक्षी, फुलं, सगळी. डावीकडे अर्ध्यापासून वर नुसता पांढरा ताणा. वंदनाला आता डावी बाजूही येते, डोळे मिटून येते. पण ती त्या पाटावर बसत नाही. "ते काकूची बाजू हाये," एवढंच म्हणते. परवा बाजाराला आलेली तिची सासू मागापुढे उभी राहिली आणि तिला म्हणाली, "बस ना वो तिथं, एवढं काय सोवळं?" वंदनाच्या डोळ्यांत पाणी आलं, तशी सासूच मागापासून बाजूला झाली.

त्याच दिवशी काकूंचा व्हिडिओ फोन आला. चेहरा बारीक झालेला. "फोन डाव्या अंगाले कर," म्हणाल्या. वंदनानं केला. काकू बराच वेळ त्या मोकळ्या धाग्यांकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी फोन उशीशी टेकवून बहिणीला दाखवला. बहीण काहीतरी म्हणाली, काकू काहीतरी म्हणाल्या, त्यांच्या भाषेत. इतक्या वर्षांत आम्ही त्यांचे रंग शिकलो, दोरे बांधले, पण त्यांची भाषा त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकली. त्या भाषेत त्यांचा आवाज कितीतरी तरुण होता.

"काय म्हणून राहिल्या त्या?" वंदनानं विचारलं.

"इचारते, उजवीकडं तं पुरं झालं. डावीकडं कोण बसते?"

"मंग तुमी काय सांगतलं?"

"म्हटलं, मी बसतो."

फोन गेला. वंदनानं पदरानं डावा पाट पुसला, आपल्या पाटावर येऊन बसली, आणि संपलेल्या बाजूवरून नुसताच हात फिरवत राहिली.