चौथा पेला

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सांगलीहून मार्थावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी विचारलं, "किती वाजता?" साताऱ्याच्या वर्तमानपत्रात आयुष्यभर बातम्या लिहिल्यावर तोंडून पहिला प्रश्न हाच येतो. वहिनींनी वेळ सांगितली. मग म्हणाल्या, "पिशवी दाराशी भरून ठेवली होती. फलटणची गाडी धरणार होते." माझा मोठा भाऊ, चर्चचा निवृत्त पाळक शमुवेल, विश्रामबागेतल्या घरी चपला घालायला वाकला आणि उठलाच नाही. वय बहात्तर. पिशवीत पवित्र शास्त्र, टॉवेल, गोळ्यांची डबी, घडी घातलेला एक कागद आणि एक लाकडी पेटी होती. आजारी माणसाला घरी जाऊन प्रभुभोजन देण्यासाठी पाळकाजवळ असते तशी ही पेटी. भाकरीसाठी पत्र्याची डबी, द्राक्षरसाची छोटी बाटली आणि बोटभर उंचीचे चार काचेचे पेले.

दादाने तीस वर्षं सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या लहान ख्रिस्ती मंडळ्या सांभाळल्या. तो नियमाचा माणूस होता. उपासना दहाला म्हणजे दहाला. मंडळीतल्या कुणाची दारू, मारहाण किंवा दुसऱ्या देवाला केलेला नवस कानावर आला की तो त्या माणसाला शिस्तीखाली ठेवी. म्हणजे उपासनेत सर्वांसमोर नाव वाचायचं, आणि त्या माणसाने सर्वांसमोर उभं राहून माफी मागेपर्यंत त्याला प्रभुभोजन नाही. बहुतेक जण महिन्या-दोन महिन्यांत उभे राहत. फलटण तालुक्यातल्या एका गावची सरूबाई राहिली नाही. ती विधवा होती, ऊसतोडीला जायची. तिची एकुलती मुलगी तापाने फणफणली तेव्हा शेजारणीच्या सांगण्यावरून तिने गावदेवीला नारळ फोडला आणि मुलीच्या मनगटाला दोरा बांधला. चौथ्या दिवशी मुलगी गेली. दादाने मातीच्या वेळी प्रार्थना केली आणि पुढच्या रविवारी सरूबाईचं नाव वाचलं. उपासनेनंतर ती चर्चच्या दारातच त्याला म्हणाली, "पोरीसाठी केलं. त्येची माफी मागू व्हय?" तिने मंडळी मात्र सोडली नाही. दर रविवारी ती शेवटच्या रांगेत बसे. प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीचं ताट फिरायला लागलं की उठून बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसे. दादाची बदली झाली, पुढे तो निवृत्त झाला. सरूबाई त्याच्या लक्षातही राहिली नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याची नात डेंग्यूने रुग्णालयात होती. शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईने, पोरीची दशा पाहवेना म्हणून, तिच्या मनगटाला लाल दोरा बांधला. दादा तिथेच उभा होता. पुढचं त्याने मला दोन महिन्यांनी सांगितलं. "मी तो सोडला नाही. थोड्या वेळाने गाठ सैल झाली... मी ती घट्ट केली. माझ्या हाताने." नात बरी होऊन घरी आली. "मला कुणी शिस्तीखाली ठेवलं? कुणीच नाही. माझी नात घरी आहे आणि सरूची पोर मातीत आहे, आणि नाव मी तिचं वाचलं." मग म्हणाला, "तीस वर्षं कृपेवर बोललो रे. घेतली कधी नव्हती."

त्यानंतर दादा घरात थांबेना. एसटी स्टँडवर, आठवड्याच्या बाजारात, चहाच्या टपरीवर तो अनोळखी माणसाशेजारी बसून येशूची सुवार्ता सांगू लागला. सुरुवात नेहमी त्या दोऱ्यापासून. साताऱ्याच्या स्टँडवर एकदा मी बरोबर होतो. एका निवृत्त सुभेदारांनी त्याच्या हातातलं पवित्र शास्त्र पाहून विचारलं, "काय पाळकसाहेब, आमाला बाटवाय आलाय व्हय?" दादा हसला. "नाही हो सुभेदार. माझं कुठं चुकलं ते सांगायला आलोय. चहा मात्र तुम्ही पाजा." सुभेदार बाकावर सरकून बसले. "सवताची चूक सांगनारा देवाचा मानूस पयल्यांदाच बगतोय. सांगा." त्यांची गाडी सुटली तरी ते उठले नाहीत.

पण फलटणला हे चाललं नाही. पहिल्या खेपेला दादा सरूबाईच्या घरी गेला, "चुकलं माझं," म्हणाला आणि पेटी उघडली. तिने चहा दिला, पेटीला हात लावला नाही. "हितं, घरात? गुपचूप? माजं नाव तुमी समद्यांदेकत वाचलंत. समद्यांदेकत काडा. मग तुमच्याच हातचं घीन." तिचं म्हणणं रास्त होतं. पण निवृत्त पाळकाला नाव काढण्याचा अधिकार नव्हता. नवे पाळक तयार होते, मंडळीचे सेक्रेटरी तयार नव्हते. "वहीत नोंद आहे, साहेब. एक नाव काढलं तर सगळीच काढावी लागतील." दादा म्हणाला, "मग सगळीच काढा." सेक्रेटरी म्हणाले, "मग शिस्त कशाला म्हणायचं?" हे सांगून दादा मला म्हणाला, "ते वाक्य माझं आहे रे. मीच त्याला शिकवलंय."

तो अकरा वेळा फलटणला गेला. छातीत दुखत असताना गेला, वहिनींशी भांडून गेला. दर खेपेला चहा पिऊन, भरलेली बाटली तशीच घेऊन परतला. शेवटच्या फोनवर म्हणाला, "ती थकलीय, मीही थकलोय. दोघांतलं कुणीतरी आधी जाणार. ती गेली तर मी काय तोंड दाखवू?" आपण आधी जाऊ, हे त्याने धरलंच नव्हतं. नंतरच्या आठवड्यात सेक्रेटरी नमले. येत्या रविवारी दादाने स्वतः उभं राहून नाव काढायचं ठरलं. आदल्या दिवशी गावात मुक्कामाला जायचं म्हणून शनिवारी सकाळी तो चपला घालायला वाकला.

त्या रविवारी आम्ही त्याला सांगलीत माती दिली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या दिवशी, वहिनी आणि मी त्या गावी गेलो. वहिनींनी पिशवीतला कागद नव्या पाळकांना दिला. दादाच्या अक्षरातली ती पाच वाक्यं त्यांनी वाचली. शेवटचं वाक्य होतं, 'सरूबाईंना मी अडवलं, प्रभूने नाही.' ताट फिरू लागलं आणि शेवटच्या रांगेशी येऊन थांबलं. सरूबाईची जागा रिकामी होती.

ती कडुलिंबाखाली बसली होती. वहिनी बाहेर गेल्या, मागोमाग मी. "सरूबाई, नाव काढलं तुमचं. चला, सगळे थांबलेत." ती म्हणाली, "ऐकलं की, बाई. पर ताट फिराय लागलं की पाय आपसूक उटत्यात. लय वरसाची सवय हाय." वहिनींनी हात पुढे केला. तिने तो धरला, पण उठली नाही. "त्येंच्या हातचं घीन म्हनले हुते... आता कुनाच्या हातचं घिऊ?" उपासना संपेपर्यंत वहिनी तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिल्या.

दादा दर शनिवारी संध्याकाळी पेटीतले पेले धुऊन फडक्यावर पालथे घालायचा. आता ते वहिनी करतात. गेल्या शनिवारी मी विश्रामबागेत होतो. तीन पेल्यांच्या तळाशी द्राक्षरसाचा जांभळट डाग आहे, कितीही घासला तरी निघत नाही. चौथ्याला दादाने औषधाच्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर 'सरू' लिहिलं आहे. तो पेलाही वहिनी धुतात, पट्टी भिजू नये म्हणून हळू. त्याची काच अगदी स्वच्छ आहे.