रिकाम्या पारड्यावरचा सात

दाढी झाली की मामा ब्रश धुऊन खिडकीत उभा ठेवायचा, तोंड पुसायचा आणि स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेल्या कॅलेंडरसमोर डोळे मिटून क्षणभर थांबायचा. मग कानावरची पेन्सिल काढून त्या दिवसाच्या चौकोनात एक आकडा लिहायचा. आज आपण किती बरे आहोत, दहापैकी, त्याचा तो आकडा.

बहुतेक दिवशी सात असायचा.

ही सवय त्याला एका मासिकातल्या डॉक्टरांच्या सदरानं लावली. रोज स्वतःला विचारा, प्रामाणिकपणे आकडा द्या, असं त्यात लिहिलं होतं. मामीनं ते वाचून कोपरापासून हात जोडले. "ताप मोजून झाला, रक्तदाब मोजून झाला. आता खुशीसुद्धा मोजा. राहिलं काय?"

"मोजल्याशिवाय कळणार कसं?" मामा म्हणाला.

हे बोलणं त्याच्या धंद्याला शोभणारं होतं. मामा वजनकाटे दुरुस्त करायचा. वाण्याचे तराजू, सोनाराचा काचेच्या पेटीतला नाजूक काटा, गोदामातला जमिनीत बसवलेला अजस्र काटा, सगळे त्याच्या हाताखालून गेले होते. शाळेत तो इतका किडकिडीत होता की मित्रांनी त्याचं नाव मिलिग्रॅम ठेवलं, आणि ते जन्मभर चिकटलं. पन्नाशीला पोट सुटलं तेव्हा मामी त्याच्या मित्रांना म्हणाली, "आता बढती द्या हो यांना. निदान किलो तरी म्हणा."

त्याचं पहिलं दुकान दोन दारांच्या रुंदीचं होतं. समोर लाकडी बाक. माणूस काटा घेऊन यायचा, बाकावर टेकायचा आणि काम होईपर्यंत बोलत बसायचा. तराजूची दोन्ही पारडी रिकामी असताना एक बाजू झुकत असेल तर त्या फरकाला पासंग म्हणतात. मामा पासंग काढता काढता गिऱ्हाइकाच्या घरची सगळी खबरबात काढून घ्यायचा. संध्याकाळी घरी आला की आधी बातम्या, मग चपला. मामी आतून ओरडायची, "अहो, आत तरी या! सगळं उंबऱ्यातच सांगणार आहात का?"

मग बटणांचे, लाल आकड्यांचे काटे आले. बाकावरची माणसं कमी होत गेली. काटे बनवणाऱ्या एका कंपनीनं मामाला तपासनीस म्हणून बोलावलं तेव्हा त्यानं फार विचार केला नाही. दुकान बंद केलं, बाक शेजारच्याला देऊन टाकला, आणि चपलांच्या जागी काळे बूट आले.

कंपनीतली खोली दुसऱ्या मजल्यावर होती. तीन बाजूंना काच, मध्ये पोलादी टेबल. वाऱ्यानं काटा हलू नये म्हणून खिडक्या कायमच्या बंद. खोक्यातून काटा काढायचा, त्यावर प्रमाण वजनं ठेवायची, आकडा जुळला की चिकटपट्टी लावायची, पुन्हा खोक्यात घालायचा. दिवसाला चाळीस. काटा कोणाकडे जाणार, त्यावर काय तोललं जाणार, काही कळायचं नाही. साहेब चांगले होते, पगार वेळेवर होता, डबा खायला स्वतंत्र खोली होती. तक्रार करावी असं काही नव्हतंच. आणि कॅलेंडर सांगत होतं, सात.

अशी आठ वर्षं गेली. आठव्या वर्षाच्या अखेरीस साहेबांनी मामाच्या हाती नवा करार ठेवला. निवृत्तीपर्यंतची पाच वर्षं पक्की. महिनाअखेरपर्यंत सही करून द्यायची.

मामानं तो कागद मामीपुढे ठेवला. मामी वाटाणे सोलत होती. तिनं तो वाचलासुद्धा नाही.

"करू नका सही."

"का?"

"तुम्ही तिथे सुखी नाही."

"कोण म्हणतं?" मामानं दारामागची आठ कॅलेंडरं काढून आणली. त्यानं ती सगळी जपून ठेवली होती. "हे बघ. सात. सात. सहा. सात. आठसुद्धा आहेत मधूनमधून. दुकानात होतो तेव्हाही सातच असता, कशावरून नाही?"

"मला आकडे दाखवू नका. घरी आल्यावर एक बूट काढता आणि तो हातात धरून भिंतीकडे बघत बसता. दुसरा काढायला दहा मिनिटं लागतात. पूर्वी माझ्याशी भांडायचात तरी. आता काहीही वाढलं तरी 'छान झालंय' म्हणता. परवा मी भाजीत मीठच घातलं नव्हतं."

"मग सांगायचंस ना."

"तेच बघत होते, तुम्ही सांगता का ते."

मामानं परवाची भाजी आठवून बघितली. पण बूट आणि मीठ ही काही मोजमापं नव्हेत, असं त्याचं मत होतं. बायकोला काहीतरी वाटतं, एवढ्यावर पाच वर्षांची नोकरी कशी सोडायची? त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला. मामीला ठाऊक होतं, महिनाअखेरीला हा माणूस कॅलेंडरकडे बघणार आणि सही करणार. आणि मग पुढची पाच वर्षं तिला तो एक बूट बघावा लागणार.

त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या सिस्टर घरी आल्या. त्या मामीच्या मैत्रीण, लहान बाळांना लस द्यायच्या. त्यांच्याकडे बाळं तोलायचा गोल तबकडीचा जुना काटा होता. महिनाभर तिथे कोणाच्याच बाळाचं वजन धड वाढत नव्हतं. आया घाबरल्या होत्या. एक जण तर काट्यासमोरच रडायला लागली होती.

"काटा बिघडलेला नाही," सिस्टर बजावून म्हणाल्या. "मी रोज सकाळी बघते. एकदम शून्यावर असतो. जरा हलला असेल तर खालचा स्क्रू फिरवून मी आणते शून्यावर. पण एकदा तुम्ही नजर टाका, म्हणजे मला आयांना छातीठोक सांगता येईल."

सुट्टीच्या दिवशी मामा वजनांची पेटी घेऊन निघाला. मामीही सोबत गेली. दवाखान्याची खोली रिकामी होती. पांढऱ्या फरशा, भिंतीला लावलेली बाकडी, कोपऱ्यात काटा. तबकडीवरची सुई खरोखरच शून्यावर होती, केसभरही इकडेतिकडे नाही. सिस्टरांनी विजयी मुद्रेनं मामीकडे बघितलं.

मामानं पाळण्यासारख्या पारड्यात एक किलो ठेवला. सुई एकवर आली. तीन किलो ठेवले. सुई पावणेतीनपर्यंत आली आणि थांबली. पाच ठेवले, तर साडेचारही धड दाखवेना.

"अगं बाई," सिस्टर खाली बसल्या. "म्हणजे पोरं वाढत होती?"

"पोरं मजेत आहेत. काटाच अडतोय." मामानं मागचं झाकण उघडलं. आतल्या दातेरी पट्टीत बाळांची पावडर साचून दगडासारखी झाली होती. ती तो टोच्यानं खरवडायला लागला आणि कितीतरी दिवसांनी त्याचा जुना, दुकानातला आवाज फुटला. "रिकाम्या काट्यावर कसला विश्वास ठेवता सिस्टर? काही भार नसताना सगळेच काटे खरं बोलतात. शून्य बघून काटा पास करायचा नसतो. भार ठेवून बघायचं. तेही रोजच्या वापरातला भार."

सिस्टरांना इतका आनंद झाला होता की तेवढ्यातच त्या आयांना फोन करायला लागल्या. मामा गुडघ्यांवर बसून, पावडरीनं पांढरा होऊन, कोणत्या बाळाची आई फोनवर काय म्हणाली ते प्रत्येक वेळी विचारून घेत होता.

परत येताना वाटेत, पदपथावर, मामीनं विचारलं, "तुमचा आकडा तुम्ही केव्हा लिहिता हो?"

"दाढी झाल्यावर. माहीत आहे की तुला."

"कामावर जायच्या आधी."

"अर्थात. सकाळी मन स्वच्छ असतं. रात्रीची झोप झालेली असते, डोक्यात काही..." मामा मध्येच थांबला. पायही थांबले. मागून येणारा एक माणूस त्याच्या पेटीला अडखळला आणि पुटपुटत पुढे गेला.

"रिकामं पारडं," मामी म्हणाली, आणि चालू लागली. तिला ठाऊक होतं, याहून एक शब्द जास्त बोललं तर हा वाद घालणार.

तीस वर्षं लोकांना जे शिकवलं त्यातच आपण चुकलो, याचं मामाला हसूही आलं आणि रागही. घरी येऊन त्यानं कॅलेंडरच्या उरलेल्या चौकोनांत तिरकी रेघ मारली. वर सकाळचा आकडा, खाली संध्याकाळचा. संध्याकाळचा आकडा दारात आल्या आल्या लिहायचा, खांद्यावरची पिशवी न उतरवता. भार काढून वाचन घ्यायचं नाही, हा नियम.

एकच माणूस मोजतो तेव्हा चूक कळत नाही, म्हणून त्यानं मामीलाही एक वही दिली. "तू माझा आकडा लिही. मला दाखवू नकोस. महिनाअखेरीला ताडून बघू."

तीन आठवडे हे चाललं. सकाळी सात, सात, सात. संध्याकाळी चार. तीन. चार. पाच. तीन. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी आठ, कारण सिस्टरांनी दुसऱ्या दवाखान्यातला काटाही त्याच्याकडे पाठवला होता आणि तो घेऊन आलेला रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर तासभर पोट धरून हसायला लावत बसला होता. कंपनीत काट्यांची करायचा तशी तपासणी मामानं स्वतःची केली. एका वाचनावर त्यानं विश्वास ठेवला नाही. झोप कमी झाली होती का, पोट बिघडलं होतं का, सगळं बाजूला नोंदवलं. आकडा हलला नाही. काचेच्या खोलीतून घरी येणारा माणूस चार होता.

करार द्यायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं मामीची वही मागितली. तिनं एकही आकडा लिहिला नव्हता.

सोमवार: बूट.

मंगळवार: बूट. दोनदा हाक मारली तेव्हा ओ दिली.

बुधवार: आमटी खारट म्हणाले. (खारट होती.)

गुरुवार: बूट.

रविवार: आंघोळीत शीळ. माझ्या भावावरून टोमणा. भांडलो. बरं वाटलं.

मामा वही उभ्याउभ्याच वाचत होता. मग स्टुलावर बसून पुन्हा वाचली. आपल्या आकड्यांत 'किती' हे होतं, पण 'कशानं' हे कुठेच नव्हतं. ते सगळं हिच्या वहीत होतं, आणि आठ वर्षं हिच्या डोक्यातही होतं.

"तुझा भाऊ आहेच तसा," तो म्हणाला.

"पुन्हा म्हणा," मामी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सही न करताच करार साहेबांना परत दिला. साहेब चकित झाले. "कारण काय लिहू?"

"लिहा, मोजायची वेळ चुकली होती."

साहेबांनी लिहिलं, वैयक्तिक.

मामानं एका किल्ल्या बनवणाऱ्याबरोबर निम्मं निम्मं दुकान घेतलं. डावीकडे किल्ल्या, उजवीकडे काटे, मध्ये नवा बाक. लाल आकड्यांचे काटे दुरुस्त करायला तो पन्नाशी उलटल्यावर शिकला, आणि शिकताना दोन जाळले. सगळं एकदम गोड झालं असं मी म्हणणार नाही. पहिल्या पावसाळ्यात दिवसच्या दिवस कोणी फिरकायचं नाही, किल्लीवाला आणि तो एकमेकांना तेच तेच किस्से सांगायचे. एका संध्याकाळी पिशवी खांद्यावर ठेवून त्यानं दोन लिहिला. मामी घाबरली. तो म्हणाला, "असू दे. खरा दोन आहे."

पुढे पाच, सहा येत गेले. कधी आठ. नऊ आयुष्यात दोनदाच आला, आणि दहा त्यानं कधीच दिला नाही. आम्ही भाचरं त्याला छळायचो, "मामा, लग्नाच्या दिवशी किती होता रे?"

"आठ. दाढी करताना कापलं होतं."

"ऐकलं का मामी?"

"ऐकलं. माझा पाच होता, नव्या चपला चावत होत्या," मामी म्हणायची. ती वही मात्र तिनं चालूच ठेवली. आता तिच्यात बूट फार येत नव्हते. 'दारातच गप्पा', 'मीठ', 'शीळ, बेसूर' असं काहीबाही असायचं.

अशी बारा वर्षं गेली. मामा गेला तो गेल्या वर्षी, दुपारी जेवून दुकानातल्या खुर्चीत डोळा लागला असताना. किल्लीवाल्याला वाटलं, झोपलाय. त्याआधी, सकाळी, भाजीवाली काटा न्यायला आली होती. कोपऱ्यावर गाडी लावते ती. नंतर घरी भेटायला आली तेव्हा मामीच्या शेजारी बसून तिनं सांगितलं. ती घाईत होती, काटा उचलून निघालीच होती, तेवढ्यात मामानं बाकावरचे स्क्रू हातानं बाजूला सारून तिच्यासाठी जागा केली.

"बस की जरा," तो म्हणाला होता. "काटा कालच झालाय, त्याचं काही नाही. पण तू अशी पळालीस तर तुझी पोरगी गणितात पास झाली की नाही ते मला कोण सांगणार?"