मावशीने सांगितलेले डोळे

आमच्या क्लासचं उद्घाटन ज्या पुढाऱ्याने केलं, त्याने फीत कापल्यावर ओळीने मांडलेले कॉम्प्युटर नीट न्याहाळले आणि विचारलं, "इसमें ऍनिमेशन कौन-सा है?" सरांनी खिडकीजवळच्या यंत्राकडे बोट दाखवलं. पुढाऱ्याने आपल्या गळ्यातला एक हार काढून त्या यंत्राला घातला. टाळ्या झाल्या. पुढे बरेच दिवस त्या कीबोर्डच्या फटींतून झेंडूच्या पाकळ्या निघत होत्या.

केबल आणि कॉम्प्युटर बुऱ्हाणपुरात जवळजवळ एकदमच शिरले, तेव्हाची ही गोष्ट. क्लास बुधवारा पेठेत होता, एका जुन्या फोटो स्टुडिओच्या माडीवर. खाली स्टुडिओ सरांच्या वडिलांनी काढलेला. ते वारले होते आणि सर तो चालवत होते. सर इंदूरहून कसलासा कोर्स करून आले आणि त्यांनी माडीवर ही नवी विद्या सुरू केली. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. माझे वडील सरकारी कचेरीत कारकून. फी भरताना त्यांनी एवढंच विचारलं, "यात नोकरी आहे का?" सर म्हणाले, "भविष्य है." वडिलांनी त्याचा अर्थ हो असा घेतला.

पहिला धडा चेंडूचा. चेंडू वरून पडतो, आपटतो, उसळतो. हे एवढं करायला मला पावसाळ्याचा बराचसा भाग लागला. माझा चेंडू पडायचा, पण पडल्याचं त्याला काही वाटत नसे.

"याला वजन कुठंय?" सर मागे उभं राहून म्हणत. "हे तर केळीचं पान पडून राहिलं."

गावातल्याच लालबाग भागात आमचं घर, तिथल्या गच्चीवर मी भावाचा रबरी चेंडू घेऊन टाकत बसायचे. वडिलांनी एकदा पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर भविष्याची काळजी दिसली. हळूहळू कळलं ते असं, की सुरुवातीचं आणि शेवटचं चित्र कोणालाही काढता येतं. खरा मामला मधल्या चित्रांचा. चेंडू वर जाताना रेंगाळतो, म्हणून तिथे चित्रं दाटीने लागतात. खाली येताना घाई करतो, म्हणून तिथे विरळ. हे पुस्तकातही लिहिलेलं होतं, पण पुस्तकात वाचून मला कधी चेंडू पाडता आला नाही.

चेंडूनंतर ससा. सशाला डोळे मिचकावायला शिकवलं. आणि मग पहिलं खरं काम आलं, ते मेलेल्या माणसांचं.

गावातल्या केबलवर संध्याकाळी श्रद्धांजलीच्या जाहिराती लागत. मध्ये फोटो, दोन्ही बाजूंना समई, वरून पडणाऱ्या पाकळ्या. ही कामं सरांकडे येत आणि समयांच्या ज्योती माझ्याकडे. ज्योत चेंडूहून अवघड. तीच ती हालचाल परत आली की ज्योत विजेच्या माळेतल्या दिव्यासारखी दिसते. मी देवघरापुढे बसून समईकडे बघत राहायचे. आईला वाटलं, पोरगी देवाला लागली. पाकळ्या त्या मानाने सोप्या. घर जितकं मोठं, तितक्या पाकळ्या जास्त मागत. एका व्यापाऱ्याच्या मुलाने एवढ्या मागितल्या, की वडिलांचा चेहरा झाकला गेला. मी तसं सांगितलं, तर म्हणाला, "चेहरा तो सबको मालूम है."

अशी बरीच माणसं हाताखालून गेल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आसपासच्या खेड्यांतून येणारे जे जुने, काळे-पांढरे फोटो होते, त्यांतल्या माणसांचे डोळे सारखेच होते. नाकं वेगळी, मिशा वेगळ्या, डोळे तेच. मोठे, सरळ समोर बघणारे, प्रत्येकात एक पांढरा ठिपका.

सरांना विचारलं. ते चहा पीत होते.

"बाबांचं काम आहे," ते म्हणाले. "तेव्हा गावाकडे जिवंतपणी फोटो कोण काढत होतं? माणूस गेला की निरोप यायचा. बाबा सायकलवर कॅमेरा बांधून जायचे. माणसाला भिंतीला टेकवून बसवायचं, टोपी घालायची, फोटो घ्यायचा. मग इथं खाली बसून ब्रशने डोळे उघडायचे."

"सगळ्यांचे सारखेच?"

"त्यांना तेवढेच येत होते."

त्यांच्या बोलण्यात ना अभिमान होता, ना खंत. तापीच्या खोऱ्यातली कित्येक घरं एकाच नजरेखाली जेवत होती, निजत होती, आणि कोणाचं काही अडलं नव्हतं. चौकाचौकांतल्या मोठ्या माणसांच्या पुतळ्यांचे डोळेही बहुधा असेच कोणा एकाच्या हाताचे असावेत, असं मनात आलं. पण मी ज्योतीकडे वळले.

त्याच वर्षी माझ्या मावसबहिणीचं लग्न ठरलं. मावशी जवळच्या जसोंडी गावची. तिथे तिची केळीची बाग आहे. मावशीचे यजमान तापाने गेले, तेव्हा बहीण पोटात होती. त्यांचा लग्नातला एकच फोटो, आणि त्यात बाशिंगाच्या झालरीआड फक्त हनुवटी दिसते. दुसरा फोटो बाहेरच्या खोलीत भिंतीवर. परीक्षा असो की प्रवास, बहीण त्या फोटोच्या पाया पडून घरातून निघायची.

एक दिवस ती बसने आली, काखेत टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम घेऊन, आणि जिना चढून थेट माझ्या शेजारी बसली.

"तूच ना ती, केबलवर मेलेल्यांवर पाकळ्या पाडणारी?"

"मीच."

"माझ्या बाबांवर नको पाडू." तिने टॉवेल सोडला. "हॉलमध्ये मोठा पडदा लावून राहिले सासरचे. सुरुवातीला बाबांचा फोटो दाखवायचा म्हणे. मला काय पाहिजे सांगू का? डोळे मिटून उघडले पाहिजेत. एकच बार. माझ्याकडे पाहिल्यासारखं."

"मी फक्त सशाला शिकवलंय."

"सशाला जमलं ते माझ्या बापाला नाही जमणार का?"

ती हसत होती, पण फ्रेम तिने हातातून सोडली नव्हती. सासरी जायच्या आधी बापाने एकदा आपल्याकडे पाहावं, एवढंच तिला हवं होतं. आयुष्यात तिला ते एकदाही मिळालं नव्हतं.

फोटो मी लहानपणापासून पाहिला होता, पण घरातल्या भिंतीवरचं कोण पाहतं? आता टेबलावर पाहिला आणि काय आहे ते लगेच ओळखलं. मोठे, सरळ डोळे, पांढरा ठिपका. मी फोटो स्कॅनरवर ठेवला. पापणी हलवायची तर डोळा पडद्यावर मोठा करून पापणीची कड शोधावी लागते. डोळा बशीएवढा झाला, तसे ब्रशचे फटकारे दिसायला लागले. मधोमध ब्रशचा एक तुटका केससुद्धा रंगात चिकटलेला होता.

"हा रंग आहे?" बहीण म्हणाली.

सर मागेच होते. मला जे सांगितलं होतं, तेच त्यांनी तिला सांगितलं, तितक्याच सरळ.

"मग हे डोळे कोणाचे?"

"कोणाचेच नाहीत, बेटा. माझ्या बाबांच्या हाताचे आहेत."

तिने पडद्यावरच्या त्या तुटक्या केसावर बोट टेकवलं. मग ती म्हणाली, "लोक म्हणतात, पोरीचे डोळे बापावर गेले. काय पाहून म्हणतात?"

मला एक उपाय सुचला. तिचाच फोटो काढावा, तिचे डोळे घेऊन तिथे बसवावेत. तांत्रिकदृष्ट्या ते सोपं होतं. तिने थोडा विचार केला.

"नको. मला माझ्याच डोळ्यांनी कशाला पाहायचं? ते आरशात रोजच पाहते. आईला घेऊन येते."

बाजाराच्या दिवशी ती मावशीला घेऊन आली. मावशी माझ्या डाव्या हाताच्या स्टुलावर बसली, पिशवी मांडीवर ठेवून. बहीण उजव्या बाजूला. मावशीला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"मला काय माहीत नाही? माझ्यासमोर काढला फोटो. मी धरून बसली होती बाजूने, फोटोत येणार नाही अशी."

"मग मला सांगितलं का नाही?" बहिणीचा आवाज चढला.

"काय सांगू? एवढ्याशा लेकराला सांगू, की तुझा बाप डोळे मिटून बसलाय?"

मी रंगवलेले डोळे पुसले. त्या जागी मिटलेल्या पापण्या काढल्या. मग मावशी सांगेल तसे उघडे डोळे काढत गेले.

"बारीक कर. अजून. आता हे चोरासारखे झाले वं माय." मी पुसले. "हे तर आमच्या सरपंचाचे." पुन्हा पुसले. "भुवई जवळ घे. नाही, नाही. असे नाहीत."

"मग कसे, आई? नीट सांग ना."

मावशी पडद्याकडे बघत राहिली. तिचे हात पिशवीच्या बंदाशी चाळा करत होते, ते थांबले. "नाही आठवत," ती म्हणाली. "रोज तोच फोटो पुसते, तोच पाहते. आता डोळे मिटले तरी तेच मोठे मोठे डोळे समोर येतात. या फोटोनेच खाल्लं सगळं."

ती उठायला लागली. बसची वेळ झाली आहे, म्हणाली. अजून झाली नव्हती.

बहिणीने तिचा हात धरला. "कसे होते ते राहू दे. पाहायचे कसे, ते तरी सांग."

"पाहायचे म्हणजे?"

"तू हाक मारली की."

मावशी उभ्याउभ्याच जराशी हसली. "हाक मारली की लगेच कुठं पाहायचे! ओसरीवर बसून दोऱ्या वळत असायचे. मी दारातून जेवायला हाक मारायची. पहिले नुसतं कपाळ वर. मग एक डोळा. दुसरा त्याच्या मागून, आळसावल्यासारखा. असं." आणि तिने ते करून दाखवलं.

"परत कर," मी म्हणाले.

"येडी झाली का? सरांसमोर?"

सर उठून खाली स्टुडिओत गेले. मावशी पुन्हा स्टुलावर बसली आणि तिने परत करून दाखवलं. कपाळ, उजवी पापणी, किंचित थांबून डावी. मान हलत नव्हती. ते सगळं समोर नाही, थोडं बाजूला, दाराच्या अंगाला बघत. मी आकाराचा नाद सोडला. पापण्यांखाली डोळ्यांचा नुसता काळा अंदाज ठेवला, फारसे उघडलेच नाहीत. सगळा वेळ मधल्या चित्रांना दिला. कपाळावरच्या आठ्या सुरुवातीला दाटीने. उजवी पापणी सावकाश. डावी तिच्याही मागून. मध्ये लाईट गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत आम्ही घामाघूम बसलो. थोडं काम गेलं, ते पुन्हा केलं. मावशीने बसचं नाव काढलं नाही.

मग मी ते चालवलं.

पडद्यावर भिंतीला टेकून, टोपी घालून बसलेला माणूस होता. त्याचं कपाळ हललं. एक डोळा उघडला. दुसरा उघडू की नको करत उघडला.

मावशीचा हात वर गेला आणि तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. इतक्या सवयीने ओढला, की तिचं तिलाही कळलं नसावं. पदराच्या आतून तिने होकार दिला, "हाव."

"असेच. भाकरी थंड होऊन जायची, तरी असेच." आणि मग, "परत लाव."

मी परत लावलं. पुन्हा लावलं. क्लासमध्ये आम्ही पुष्कळ काही हलवलं होतं, ससे, समया, कंपन्यांची गरगर फिरणारी नावं. हलणं आणि ओळखू येणं यांत केवढं अंतर आहे, ते मला त्या स्टुलावरच्या बाईकडे बघून कळलं. प्रमाणपत्र त्याआधीच मिळालं होतं, सोनेरी काठाचं.

बहिणीच्या मात्र दुसरंच लक्षात आलं होतं. ती आधी पुढे वाकून बघत होती, मग मागे सरकली, मग मान तिरकी करून बघितलं.

"माझ्याकडे नाही पाहत," ती म्हणाली.

खरंच होतं. मावशीने जसं दाखवलं तसं मी केलं होतं, आणि तो माणूस पडद्याबाहेर डावीकडे बघत होता, जिथे दार असावं तिथे. डाव्या बाजूला मावशी बसली होती.

"ते काही अवघड नाही," मी म्हणाले. "बुबुळं जरा सरकवली की झालं. समोर पाहतील. हॉलमध्ये सगळ्यांकडेच पाहतील."

माझा हात माऊसवर होता. बहिणीने पडद्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. मावशीने पदर अजून पुढेच धरला होता आणि आम्ही काय बोलतो आहोत, त्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

"राहू दे," बहीण म्हणाली. "आईकडे पाहून राहिले ते. हॉलमध्ये तो जुनाच फोटो दाखव. लोकांना तोच माहीत आहे."

"पण तुला तर..."

"तू हात नको लावू म्हटलं ना."

ती उठली, माझ्या खुर्चीच्या मागून वळसा घालून डावीकडे गेली, आणि मावशीच्या मागे, तिच्या खांद्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"आता लाव," म्हणाली.