वरचा आवाज

दामोदरराव पराते कोणत्याही चालत्या यंत्रासमोर हात बांधून उभे राहू शकत नसत. खिशातून लांब स्क्रू ड्रायव्हर काढायचे, त्याचं टोक यंत्राच्या अंगाला टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायचे. नागपूरच्या नंदनवन वस्तीत आम्ही त्यांच्या शेजारी राहायला गेलो, त्या पहिल्याच संध्याकाळी ते ओळख करून घ्यायला आले आणि नाव सांगायच्या आधी त्यांनी आमच्या टेबलफॅनची तपासणी केली. "याचं बुश घासून राहिलं," ते म्हणाले. "आता चालन, मंग एका दुपारी रडवन तुम्हाले." त्यानंतर नाव सांगितलं. पंखा त्या उन्हाळ्यातच अडकला.

पराते मूळचे उमरेडचे. घरात हातमाग, वडील आणि चुलते मागावर बसत. खटखटीत वाढलेल्या माणसांसारखे ते मोठ्यानं बोलत आणि समोरच्याच्या ओठांकडे पाहून ऐकत. स्वतः मात्र शहराबाहेरच्या एका सूतगिरणीत लागले आणि देखभालीचे फोरमन झाले. रुई पिंजायच्या खात्यात हवाभर तंतू उडत असतात. तिथं एखादं बेअरिंग कोरडं पडून तापलं, तर आग लागायला तेवढं पुरतं. बिघडू लागलेलं बेअरिंग तापण्याच्या बरंच आधी बारीक किरकिरतं. ती किरकिर सगळ्या गोंगाटातून वेगळी काढणं हे परात्यांचं काम होतं आणि गिरणी त्यांना त्यासाठीच मानत होती. "थर्मामीटर ताप आल्यावर सांगते," ते म्हणत. "मी आदल्या दिवशी सांगतो."

मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा ते पन्नाशी ओलांडून गेले होते आणि त्यांचा कान जाऊ लागला होता. जाड आवाज नीट ऐकू येत. बारीक आवाज एकेक करून निघून जात होते. आधी सायकलची घंटी गेली, मग कुकरची शिट्टी. त्यांच्या पत्नी वत्सलावहिनींच्या ते लक्षात आलं होतं, माझ्याही आलं होतं. परात्यांच्या आलं होतं का, हे विचारायची सोय नव्हती. कान गेला की फोरमनकी गेली, आणि फोरमनकीशिवाय आपण कोण, याचा विचार त्यांनी कधी केलेला नव्हता.

त्याच काळात त्यांनी जुना सीडी प्लेयर घेतला. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपुरात बहुतेकांनी तोवर सीडी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. मस्कतहून परतलेल्या एका ओळखीच्या माणसाचा हा प्लेयर बंद पडलेला होता; सोबत मूठभर सीडी होत्या. परात्यांनी तो चादरीत गुंडाळून स्कूटरवर आणला. ट्रे बाहेर येत नव्हता, कारण आतला रबरी पट्टा सैल पडला होता. त्यांनी सायकलच्या ट्यूबमधून तसाच पट्टा कापून बसवला, लेझरचं भिंग स्पिरिटनं पुसलं आणि बटण दाबलं. शहनाई सुरू झाली. मागे खरखर नाही, सुरसुर नाही. परात्यांनी ती जेमतेम अर्धं मिनिट ऐकली आणि बंद केली. "मशीन चांगली हाये," ते म्हणाले. "याच्यातून आणखी काढता येते."

तिथून ते काढणं सुरू झालं. ट्रान्सफॉर्मर आतमध्ये गुणगुणतो म्हणून तो बाहेर काढून वेगळ्या डब्यात ठेवला. खालून हादरे येतात म्हणून प्लेयर कडप्प्याच्या लादीवर गेला. कपॅसिटर बदलले, वायरी बदलल्या, सोल्डर उकलून पुन्हा केलं. अॅम्प्लिफायर त्यांनी स्वतः बांधलेला होता. त्याच्या तोंडावर दोन सुया होत्या आणि आवाज असेल तितक्या त्या हलत. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की पराते चिडत. "कोराडीच्या वीजघराची चिमणी गच्चीवरून दिसते अन् इथं बल्ब लाजून राहिला!" पाय सतत हलत असायचा. गाणं सुरू व्हायचं, ते मान तिरकी करायचे, उठायचे, काहीतरी सैल करायचे, काहीतरी घट्ट करायचे, पुन्हा पहिल्यापासून. पूर्ण गाणं त्या घरात कधी वाजलं नाही. "गाणं लागलं की ह्यायले स्क्रू आठवते," वहिनी म्हणायच्या. "भाऊजी, मले त्या शहनाईचा सुरुवातीचाच भाग पाठ झाला. पुढं लग्न लागते का मोडते, देव जाणे."

खंडेनवमीला विणकराच्या घरी माग धुऊन पुजतात. परात्यांच्या घरी माग उरला नव्हता, पण पूजा होती. वहिनींचं माहेर काटोलचं, संत्र्याच्या बागा असलेलं. ही रीत त्या सासरी शिकल्या होत्या आणि चोख पाळत होत्या. त्या सकाळी त्यांनी पाने, पक्कड, सोल्डरिंग आयर्न, शिलाई मशीन, स्कूटर या सगळ्यांना हळदकुंकू लावलं. सीडी प्लेयरचं झाकण नेहमीप्रमाणे उघडं होतं आणि ट्रे बाहेर होता. त्यांनी ट्रेच्या मध्यावर कुंकवाचं बोट टेकवलं, वर अक्षता टाकल्या आणि नमस्कार केला. पराते गिरणीतली पूजा उरकून आले, त्यांनी बटण दाबलं आणि ट्रे प्रसादासकट आत गेला.

प्लेयर कर्रर्र करून थांबला. एक तांदूळ दातेरी चाकात अडकला होता आणि भिंगावर कुंकू पडलं होतं. "अवं, हे काय केलं वं? डोळ्यात कुंकू घातलं मशीनीच्या!"

"त्याले कपाळच नव्हतं, तं मी कुठं लावू?" वहिनी म्हणाल्या.

सगळे हसले, परातेही हसले. त्यांनी चिमट्यानं तांदूळ काढला, भिंग पुसलं आणि प्लेयर पहिल्यासारखा वाजू लागला. म्हणजे आम्हाला पहिल्यासारखा. परात्यांनी मान तिरकी केली आणि त्यांचा चेहरा बदलला. "वरचा आवाज गेला," ते म्हणाले.

त्यानंतर कित्येक महिने हे वाक्य त्या घरात रोज बोललं गेलं. झांजा दबल्या, तंबोऱ्याची झिलई गेली, बाईचा आवाज रजईतून येऊन राहिला. कारण एकच, कुंकू. पाहुण्यांसमोरही ते सांगत, "लाखातली मशीन होती, हिनं आंधळी केली." वहिनी पाणी आणून ठेवत आणि आत जात. सीताबर्डीवरच्या रेडिओ मेकॅनिकनं त्यांना माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं, की या यंत्रात भिंग खराब झालं तर गाणं अडखळतं किंवा थांबतं, मंद होत नाही. टेप मंद होते, रेकॉर्ड झिजते. सीडी वाजते किंवा वाजत नाही. परात्यांना हे कळत नव्हतं असं नाही. ते दुकानातून उतरता उतरता म्हणाले, "त्याले काय समजते."

मग त्यांनी अॅम्प्लिफायरमधला बारीक आवाज वाढवायला सुरुवात केली. त्यांच्या दृष्टीनं गाणं जागेवर येऊ लागलं. बाकीच्यांच्या कानात झांजा सुईसारख्या घुसू लागल्या. मी एकदा म्हणालो, "दामोदरराव, फार तीक्ष्ण लागतंय." ते भडकले. "पेपरवाल्याले छापाचं समजते, ऐकाचं नाही. तुह्या प्रेसच्या खडखडाटात कान फुटले तुहे!" वहिनींनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

एका रविवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. नवा ट्रान्सफॉर्मर बसवला होता आणि आता मशीनीची परीक्षा घ्यायची होती. मस्कतहून आलेल्या सीडींत एक बिनगाण्याची होती. तिच्यात नुसत्या शिट्या होत्या, पहिली जाड आणि पुढची प्रत्येक आधीपेक्षा बारीक. ध्वनियंत्रं तपासायची ती सीडी होती. पराते खुर्ची ओढून प्लेयरसमोर बसले. शिट्या सुरू झाल्या. पहिल्या काहींना त्यांनी समाधानानं मान डोलावली. पडद्यावरचा आकडा पुढं सरकत गेला. मग एका आकड्यावर ते थांबले. त्यांनी आवाज वाढवला. पुन्हा वाढवला.

"बंद पडली," ते मला म्हणाले. "पाह्य, इथंच मेली. मी म्हणत नव्हतो?"

खोलीत शिटी इतकी जोरात होती की माझी मान आपोआप खांद्यात गेली होती. अॅम्प्लिफायरच्या दोन्ही सुया उजव्या टोकाला जाऊन थरथरत होत्या. आतून वहिनी पदरानं कान दाबत धावत आल्या.

"अहो, बंद करा ना ते! दात आंबून राहिले माहे!"

"काय बंद करू? सुरूच कुठं हाये?"

वहिनींचे हात अजून कानांवर होते. परात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग सुयांकडे. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढून स्पीकरच्या लाकडाला लावला, मूठ कानामागं टेकवली आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांनी बटण दाबून शिटी बंद केली. सुया पडल्या. त्यांच्यासाठी खोलीत दुसरं काहीही बदललं नव्हतं.

संध्याकाळी ते माझ्या फाटकाशी आले. "उद्या सकाळी गिरणीच्या गेटापर्यंत चाल माह्यासंगं," ते म्हणाले. "मी मधातून वापस फिरलो तं आडवा हो."

प्रेसमध्ये माझी दुपारची पाळी होती. सकाळी आम्ही दोघं त्यांच्या स्कूटरवर निघालो. वाटेत त्यांनी दोनदा गाडी थांबवली. एकदा पेट्रोलची टोपी पाहिली, एकदा काहीच पाहिलं नाही. गिरणीसमोरच्या टपरीवर चहा हातात घेऊन उभे असताना ते बोलले.

"मागच्या महिन्यात पिंजायच्या खात्यात रुई धुमसली. पोट्ट्यायनं बादल्या मारल्या म्हणून निभावलं. त्या मशीनीले मी सकाळीच कान लावला होता अन् ठीक हाये म्हटलं होतं."

"मग चौकशी?"

"मलेच विचारलं, फोरमन म्हणून. मी म्हटलं, कोणी बिडी फेकली असन. एकाले घरी बसवलं. बिडी पिते बिचारा, पण बाहेर जाऊन पिते." त्यांनी चहा तसाच ठेवला. "चाल, जातो. तू इथंच थांब. नजर ठेव."

ते आत गेले. मी टपरीच्या बाकावर बसून राहिलो. पाळी बदलली, माणसं आत गेली, माणसं बाहेर आली. ऊन बाकावर आलं तेव्हा पराते बाहेर आले. मॅनेजरनं त्यांना समजावलं होतं. निवृत्ती जवळ आली आहे, आजवरचं नाव आहे, कशाला उकरता, कोण पाहून राहिलं? "मी म्हटलं, साहेब, रुई पाहून राहिली." घरी बसवलेल्या माणसाला परत बोलवायचं ठरलं होतं. परात्यांना दुसऱ्या दिवसापासून स्टोअरमध्ये जायचं होतं. निवृत्त होईपर्यंत ते तिथंच राहिले. त्या शांत खोलीत नटबोल्टांच्या फळ्यांमध्ये ते दिवसभर येरझारा घालत, असं त्यांचे सहकारी सांगत. ऐकू आलं नाही तर मात्र आता ते सरळ म्हणत, "जोऱ्यानं बोल गा, माहा कान गेला." वारले तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेला गिरणीतली जी माणसं आली, त्यांत तो बिडी पिणाराही होता.

पण मला ते आठवतात त्या सोमवारी दुपारचे. आम्ही परत आलो. जेवून जा म्हणून त्यांनी मला घरातच नेलं. वहिनींनी दोन पानं मांडली होती. पराते चप्पल न काढता दारातच उभे राहिले.

"उद्यापासून मी स्टोअरात. कानाचं सांगून आलो."

"बरं केलं," वहिनी म्हणाल्या. "हातपाय धुवा."

"तुह्या कुंकवानं काही झालं नव्हतं."

"मले ठाऊक होतं."

"मंग काहून नाही बोलली? इतके दिवस बोलणे खाल्ले."

"बोलली असती तं दुसऱ्या दिवशी तुम्ही ड्युटीवर कोणत्या तोंडानं गेले असते?" त्या भात वाढत होत्या. "माह्या नावावर गेलं तं काय बिघडलं? घरातलंच होतं."

"अन् तिकडं रुई पेटली असती तं?"

वहिनींचा हात थांबला. त्यांनी पळी भातातच ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. "ते मले नव्हतं सुचलं हो," त्या हळू म्हणाल्या.

त्या इतक्या हळू बोलल्या की परात्यांना ते ऐकू गेलं असेल असं मला वाटलं नाही. पण ते त्यांच्या ओठांकडे पाहत होते.

"मले सुचलं होतं," ते म्हणाले. मग चप्पल काढून पानावर बसले.